एक कमी

सदफने लॅपटॉपवरून मान वर केली तेव्हा हॉलमध्ये कोणीच नव्हतं.

खुर्च्या मागे सरकलेल्या. शेजारच्या सुलक्षणाच्या टेबलावर डबा उघडा, पोळीचा तुकडा मोडून ठेवलेला. पाच मिनिटांपूर्वी इथे तीसेक माणसं होती. मीटिंगला बोलावलं असणार, सगळे उठून गेले आणि आपण एकटीच बसून राहिलो. आता कळणार सगळ्यांना.

सदफला ऐकू येत नव्हतं. चार वर्षांपूर्वीच्या तापात आधी डावा कान गेला, मग उजवा. यंत्र लावलं तर नुसता गलका यायचा, शब्द कळायचे नाहीत. पण तेव्हा काम घरूनच चालायचं. जळगावातच, मेहरूणमधल्या आपल्या खोलीत बसून ती विम्याच्या दाव्यांसाठी आलेली दवाखान्यांची बिलं तपासायची. मीटिंगमध्ये समोरच्याचं बोलणं स्क्रीनवर अक्षरांत उमटायचं, ते वाचून ती उत्तर द्यायची. फोन आला की कट करून लिहायची, रेंज नाही, मेसेज करा. तिचं स्वतःचं बोलणं पहिल्यासारखंच राहिलं होतं, त्यामुळे कोणाला शंका आली नाही.

मग गेल्या महिन्यात मेल आला. एक तारखेपासून सगळ्यांनी जळगावच्या ऑफिसात येऊन काम करायचं, सबब चालणार नाही. खरं काय ते सांगून टाक, असं तिचा भाऊ फैसल म्हणाला. पण आदल्या वर्षी तोताराम नावाच्या सहकाऱ्याचं डोळ्याचं ऑपरेशन झालं, तर कंपनीने गोड शब्दांत पत्र देऊन त्याला कायमचं घरी बसवलं होतं. सदफने कोणाला काही सांगितलं नाही.

आज पहिला दिवस. सकाळपासून लोकांच्या ओठांकडे बघून बघून तिचं डोकं दुखायला लागलं होतं. दारावरच्या सुपडूभाऊंचे ओठ मिशीआड दिसेचनात. त्यांनी काय विचारलं ते न कळताच ती हसून हो म्हणाली. मॅनेजर प्रेमराज सर दोनदा तिच्याकडे बघून गेले. दोन्ही वेळा तिने स्क्रीनवर नजर खिळवली. त्यात जागा मिळाली ती कोपऱ्यातली, भिंतीकडे तोंड करून. पाठीमागे काय चाललंय ते कळायला मार्ग नव्हता.

ती उठली. मीटिंगची खोली बघितली. रिकामी. मग पंखे थांबलेले दिसले, आणि मग वास आला. जळक्या वायरचा. जिन्याच्या दाराच्या फटीतून काळा धूर आत येत होता. दारावरचा लाल दिवा उघडझाप करत होता. म्हणजे भोंगा वाजत होता. कधीपासून, कोण जाणे.

तिने जोरात हाक मारली. कोणी ओ दिली तरी आपल्याला कळणार नाही, हे तिला हाक मारल्यावर सुचलं.

तिसरा मजला. खिडक्यांना उघडता न येणाऱ्या काचा. ओढणी तोंडाला लावून ती दारापाशी गेली आणि गरम हवा अंगावर येताच मागे फिरली. टेबलाचा काठ धरून ती उभी राहिली. दिवसभरात जिच्याशी कोणाचं धड बोलणं झालं नाही, तिची खाली कोणाला आठवण येणार?

दार ढकललं गेलं. प्रेमराज सर. तोंडाला ओला रुमाल, डोळे लालभडक. ते काहीतरी ओरडत होते, पण रुमालामुळे तिला एक अक्षर कळलं नाही. त्यांनी तिचं मनगट पकडलं आणि ओढतच जिन्याने खाली नेलं.

खाली सगळे उभे होते. आग दुसऱ्या मजल्यावरच्या बॅटऱ्यांच्या खोलीत लागली होती. ती आता आटोक्यात आली होती. सरांनी रुमाल काढला.

"सदफ मॅडम, भोंगा केवढा वाजत होता," ते म्हणाले. "कानात हेडफोन होते ना?"

या वेळी तिला त्यांचे ओठ नीट वाचता आले. प्रश्नातच सुटका होती. नुसती मान हलवली असती तरी भागलं असतं.

"नव्हते सर. मला ऐकू येत नाही. चार वर्षं झाली."

कोणी काही बोललं नाही. किंवा बोललंही असेल. सुलक्षणाने मोबाईल काढला, घाईघाईने काही लिहिलं आणि तिच्यासमोर धरलं. खाली आल्यावर सुपडूभाऊ म्हणाले होते, बठ्ठा उनात, सगळे आले. तरी सरांनी माणसं मोजली. एक कमी भरलं. कोणी अडवायच्या आत ते वर पळाले.

सदफने मान वर केली. सर तिच्या समोर येऊन उभे होते. आता नोकरी गेली, असं ती धरूनच चालली. ते एकेक शब्द सुटा करत म्हणाले, "मी वरच्यांशी बोलतो. भांडावं लागलं तर भांडतो. तुम्हाला घरूनच काम करायची परवानगी मिळवून देतो. पुन्हा इथे यायला नको."

महिनाभर तिने दुआ मागितली होती ती याच्यासाठीच. आता ते समोर आलं, आणि तिला आपली खोली आठवली. आतून लावलेली कडी. सकाळीच दुकानावर गेलेले भाऊ-भाभी. संध्याकाळपर्यंत रिकामं घर. चार वर्षांत पहिल्यांदाच तिला त्या खोलीची भीती वाटली.

"नको सर," ती म्हणाली. "मी इथेच येईन. घरी आग लागली, तर मोजायला कोण आहे?"