ऊठ त्याच्यावरनं

चंद्राक्कानं पदर नाकाला लावला. वाद्यांच्या दुकानातला विक्रेता चक्क ॲम्प्लिफायरवर बसला होता, चिखलाचे बूट दुसऱ्या ॲम्प्लिफायरवर टेकवून, शेजारी उष्ट्या चहाचा पेला. तिच्या घरी हलगीला चुकून पाय लागला तरी नवरा दिवसभर जेवत नसे.

"शी! ही असली माणसं वाद्यं विकत्यात? चल घरी."

"आज्जी, वर्षभर वाट बघितलीय गं. वाजवून तरी बघू दे," म्हणत नातीनं बास गिटार गळ्यात अडकवली. तार छेडताच विक्रेत्याच्या बुडाखालून अडलेली म्हैस हंबरावी तसा आवाज निघाला. चंद्राक्काचं तोंड आणखी वाकडं झालं.

"पायानं ते पेडल दाब, आवाज भरेल," विक्रेता बसल्या जागेवरून म्हणाला.

पोरीनं चप्पल काढली. वाकून पेडलला हात लावला, तो कपाळाला टेकवला, आणि मगच अंगठ्यानं हलकेच दाबलं.

"पाया पडणारं हे पहिलंच गिऱ्हाईक!" तो खिदळला.

चंद्राक्कानं कनवटीची पैशांची पिशवी काढून काउंटरवर आपटली.

"हसतोस काय, मुडद्या? ऊठ त्याच्यावरनं. आता ते आमचं हाय."