आरपार पिशवी

कचऱ्याची गाडी दारात थांबली, पण पिशवी काही उचलली गेली नाही. लोर्न मॅकास्किल खिडकीच्या पडद्याआडून बघत होता. गाडीवरची जोसी खाली उतरली, पिशवीभोवती एक चक्कर मारली आणि तिच्यावर केशरी चिठ्ठी चिकटवली.

लोर्न बुटांचे बंद न बांधताच बाहेर आला. "काय झालं गं? शेजाऱ्यांची पिशवी गोड आणि माझी कडू?"

"आत कागद आहेत, मिस्टर मॅकास्किल. पत्र्याचे डबे आहेत, बटणांची काचेची बरणी आहे, लोकर तर ढिगानं आहे. सगळी खिचडी केलीय तुम्ही. मला नेता येणार नाही."

"आजवर नेत होतीस की."

"तेव्हा पिशवी काळी होती. आतलं मला दिसत नव्हतं."

नव्या वर्षापासून पालिकेनं काळ्या पिशव्या बंद करून आरपार दिसणाऱ्या सक्तीच्या केल्या होत्या. त्या वेळच्या सभेत लोर्न तावातावानं उठला होता. माणूस काय टाकतो ते तो आणि देव, या दोघांनाच ठाऊक असावं, असं तो म्हणाला होता. लोक पोट धरधरून हसले होते आणि मग हात वर करून त्यांनी ठराव मंजूर केला होता. तेव्हापासून या किनाऱ्यावरच्या गावात कुणाच्या घरी किती बाटल्या रिकाम्या होतात, हे सीगल पक्ष्यांनाही कळत होतं.

"आजच्या दिवस ने," लोर्नचा आवाज खाली आला. "कोण बघतंय?"

"डेपोवर बघतात. एक पिशवी चुकीची निघाली की अख्खी गाडी परत पाठवतात." जोसी थबकली. प्लॅस्टिकच्या आत जांभळा, पिवळा, हिरवा असे लोकरीचे गुंडे दाटीवाटीनं बसले होते. "हे एफीबाईंचं आहे ना?"

लोर्ननं मान हलवली. पानगळीत त्याची बायको एफी गेली, तेव्हापासून तिच्या विणकामाच्या खोलीचं दार त्यानं उघडलं नव्हतं. काल दुपारी उघडलं आणि हाताला लागेल ते पिशवीत कोंबलं. एका दमात झालं तर होईल, नाहीतर होणारच नाही, हे तो जाणून होता.

जोसीनं गाडीचं इंजिन बंद केलं. "चला, मी उघडते. तुम्ही वेगळं करा. होतंय थोड्या वेळात."

दोघं पायरीवर बसले. कागद एकीकडे, डबे एकीकडे. तेवढ्यात समोरच्या घरातून चहाचा मग हातात घेऊन बर्नडेट आली. ही एफीची जन्माची मैत्रीण.

"काय रे लोर्न, दुकान मांडलंयस का रस्त्यावर?"

"तू आलीस ना, आता गिऱ्हाईकही झालं."

बर्नडेटची नजर हिरव्या गुंड्यावर पडली होती. हातातला चहा पायरीवर ठेवून तिनं तो गुंडा उचलला. "हा आमच्या थोरल्याचा स्वेटर. शेवंडी पकडायच्या पिंजऱ्यात अडकून टरकन फाटला होता. मी टाकायला निघाले, तर एफीनं हातातून हिसकावून घेतला. म्हणे, बाही फाटलीय, लोकर कुठं फाटलीय?"

"हा पिवळा माझ्या टोपीचा," जोसी म्हणाली. "शाळेतल्या. डोक्याला तोकडी झाली तेव्हा एफीबाईंनी दारात येऊन परत मागून नेली होती. मी रडले होते."

लोर्नला हिवाळ्यातली स्वयंपाकघरातली शेगडी आठवत होती. एफी जुने स्वेटर उसवायची आणि लोकर गुंडाळताना समोर कुणीतरी दोन्ही हात पसरून बसावं लागायचं. तो कुणीतरी म्हणजे लोर्न. रेडिओवर हॉकीचा सामना रंगात आलेला असायचा, त्याचे खांदे भरून यायचे, तो कुरकुरायचा. एफी म्हणायची, "हलू नकोस, गुंता होईल." मग तो हलायचा नाही.

आता तो दोन्ही हात तसेच पसरून बसला होता. लक्षात आल्यावर त्यानं ते घाईघाईनं मांडीवर घेतले. दोघी बायका दुसरीकडे बघत होत्या.

पिशवीच्या तळाशी एक करडा पायमोजा निघाला. अर्धाच, सुया अजून टाक्यांत अडकलेल्या. कुणीच हात लावेना.

"हा कशात जातो?" शेवटी लोर्ननं विचारलं.

जोसीनं गाडीच्या दारावर चिकटवलेल्या तक्त्याकडे पाहिलं. लोकरीचं धड असेल ते जुन्या कपड्यांच्या पेटीत जायचं, फाटकं असेल तर कचऱ्यात. "अर्धवट विणलेल्याचं पालिकेनं काही ठरवलेलं नाही," ती म्हणाली आणि उठली. पुढच्या कोपऱ्यावरून कुणीतरी गाडीसाठी हाका मारत होतं. जाताना तिनं केशरी चिठ्ठी काढून खिशात टाकली, कागद आणि डबे गाडीतल्या आपापल्या खणांत टाकले. लोकरीला तिनं हात लावला नाही. नेऊ का, असं विचारलंही नाही.

गाडी वळणापलीकडे गेली. बर्नडेटनं पायमोजा उजेडात धरला, नखानं टाके चाचपले.

"टाचेपाशी थांबलीय," ती म्हणाली. "टाच अंदाजानं विणता येत नाही. पाय दाखव."

"इथं? रस्त्यावर?"

"मग काय आरशात दाखवतोस? काढ बूट."

लोर्ननं गल्ली वरपासून खालपर्यंत न्याहाळली. दोन-तीन पडदे हलले. मग त्यानं तिथंच पायरीवर बसून बूट काढला आणि पाय पुढे केला.