फुग्याची उंची

आर्किटेक्ट शाल्मलीने माळावर दोरीला बांधून लाल फुगा सोडला. तो थांबला, तिथवर नव्या गोदामाचं छप्पर येणार होतं. शेजारच्या ओट्यावरून झेलूबाई ओरडल्या, "अगं पोरी, माझा डोंगरावरचा बिरोबा झाकलास की!"

शाल्मलीने दोरी ओढली. "आता?"

"अजून खाली घे."

फुग्याच्या वर देऊळ दिसलं, तेव्हा तो बारा फूट उतरला होता. "गोदाम तेवढं जमिनीत खोल बांधू," तिने मालकांना फोनवर सांगितलं. मालक तणतणतच आले.

झेलूबाईंनी त्यांना ओट्यावर बसवून चहा दिला. कप रिकामा झाला तरी ते डोंगराकडेच बघत राहिले. शाल्मलीचा जीव टांगणीला लागला.

"मॅडम," शेवटी ते म्हणाले, "फुगा अजून दोन फूट उतरवा. बिरोबाच्या पायऱ्यासुद्धा दिसू देत."