दुसरी सिंफनी

नर्सने तबकडी हलक्या हाताने पुसली आणि लावली. "सर, आज जरा वेगळं काहीतरी ऐकू या. रोज सातवी ऐकून ऐकून माझे तर कान किटले."

खाटेवरच्या समीक्षकाने डोळे तिच्याकडे वळवले. पक्षाघाताच्या झटक्याने त्याची उजवी बाजू लुळी पडली होती, वाचाही गेली होती. डोकं मात्र शाबूत होतं. शब्द आत नीट जुळायचे, जिभेवर आले की त्यांचा लगदा व्हायचा.

सुरुवातीची एकटी बासरी वाजली आणि त्याने ओळखलं. दुसरी.

या संगीतकाराच्या सगळ्या सिंफन्यांमध्ये खरी एकच, सातवी, हे शहराला त्यानेच शिकवलं होतं. वर्तमानपत्रात लिहून, सभांमधून बोलून. दुसरीचं नाव कुणी काढलं की तो म्हणायचा, "माणसाने दुसरीच्या नादी लागू नये. सिंफनी असली तरी!" लोक खो खो हसायचे. खुद्द तो मात्र अभ्यासिकेचं दार लावून, कानांवर हेडफोन चढवून दुसरीच ऐकायचा. तरुणपणी एका जाणत्या माणसापुढे तो तिचं कौतुक करून बसला होता, आणि तो जाणता नुसता हसला होता. तेच हसू पुढे समीक्षक जन्मभर इतरांना वाटत सुटला. सातवी त्याला मनातून कधी भावलीच नाही. ते ढोल, ती पितळी वाद्यं! कुणीतरी छातीवर बसून उपदेश करतंय असं वाटायचं.

आणि आता अंथरुणाला खिळल्यापासून बायको रोज सकाळी त्याचं अंग पुसून झालं की सातवीच लावायची. निष्ठेने.

बासरी थांबली. संथ भाग सुरू झाला. समीक्षकाची डावी बोटं चादरीवर हलू लागली.

"काकू, लवकर या!" नर्स ओरडली. "सर ताल धरतायत!"

बायको ओले हात पदराला पुसत आली आणि उंबऱ्यातच थबकली. दाराच्या चौकटीला तिने डोकं टेकवलं. क्षणभर तिचा चेहरा असा काही निवळला, की समीक्षक बघतच राहिला. मग चोरी पकडली जावी तशी ती दचकली.

"कुणी लावलं हे? बंद कर आधी!"

"अहो काकू, आवडतंय त्यांना. हात बघा ना."

"ताल नाही गं तो, त्रास होतोय त्यांना. बंद करा म्हणून सांगतायत."

ती तबकडीकडे निघाली. समीक्षकाने सगळं बळ एकवटलं. बंद करू नको, राहू दे, एवढंच म्हणायचं होतं. मानेची शीर टरारली, तोंड वाकडं झालं.

"न... को."

दोघी जागच्या जागी थिजल्या.

"बोलले!" बायकोच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं. "अगं, बोलले हे! ऐकलंस ना? नको म्हणाले."

"काकू, पण ते कदाचित..."

"कदाचित काय त्यात? स्वच्छ म्हणाले." तिने सुई उचलली. खोली एकदम रिकामी झाली.

तबकडी पाकिटात सरकवताना ती नर्सला म्हणाली, "खरं सांगू? मला फार आवडायची ही. नवं लग्न झालं होतं तेव्हा हे कामावर गेले की मी रोज लावायचे, आणि खोलीभर एकटीच फिरायचे. मग एकदा पाहुण्यांसमोर यांनी समजावलं मला, ही किती उथळ आहे ते. लाजच वाटली मला माझी. त्यानंतर नाही ऐकली कधी." तिने नाक पुसलं. "बरंच झालं म्हणा. चांगलं काय ते तरी कळलं."

समीक्षक तिच्याकडे पाहत होता. ही भिंतीपलीकडे भांडी घासायची, तेव्हा तो दार लावून ऐकत बसायचा. दार नुसतं ढकलायचं होतं.

"घे, ही तुझ्या घरी घेऊन जा," ती नर्सला म्हणाली. "उगाच इथे राहिली तर पुन्हा चुकून लागायची."

तिने सातवी लावली. पहिले ढोल दणाणले. ती खाटेच्या कडेला बसली, त्याचा डावा हात हातात घेतला आणि कुरवाळू लागली.

"नको," समीक्षक म्हणाला. शब्द आता सहज येत होता. "नको... नको..."

"नाही हो, नाही," ती त्याच्या कानाशी वाकून म्हणाली. "पुन्हा नाही लावू देणार कुणाला. मी आहे ना."