लाल गोल

स्पर्धेसाठी दीक्षानं वारलेल्या आईवर लिहिलेला लेख सरांनी परत सरकवला. “हे मशीननं लिहिलं. इस्त्री केलेली वाक्यं, जागोजागी तीन-तीन विशेषणं. आणि तिवशाच्या बाजारात भाजी विकणारी तुझी आई इंदूबाई मरताना म्हणते, ‘मला थोडं पाणी हवं आहे’? वीस वर्षं तिच्याकडून वांगी घेतली मी. अशी बोलायची ती?” “मशीन नाही सर, मीच लिवलं.” “पुरावा आण, नाहीतर तुझं नाव काढतो.” दुसऱ्या दिवशी तिनं आपली सातवीची वही त्यांच्यापुढे ठेवली. पानापानावर ‘मले’भोवती सरांच्याच हातचे लाल गोल होते, शेजारी ‘मला’. सर बराच वेळ वही चाळत राहिले. मग त्यांनी विचारलं, “खरं काय म्हणाली होती ती?” दीक्षानं त्यांचं लाल पेन घेऊन लेखात लिहिलं, ‘मले पानी दे वो माय.’ आणि हातानं आपसूक ‘मले’भोवती गोल काढला.