तिसऱ्या खेपेचे गुण

तिन्ही गुणपत्रकं टेबलावर पसरून प्रवेशाचा सल्लागार म्हणाला, "यात विचार कसला करायचा? तिसरं पाठवायचं."

वजनकाट्यांचा दुकानदार पुढे वाकला. पहिलं गुणपत्रक, हजारात चारशे दहा. दुसरं, चारशे चाळीस. तिसरं, सातशे ऐंशी. प्रवेश परीक्षा तीनदा द्यायची आणि त्यातले आपल्याला हवे ते गुण कॉलेजला कळवायचे, अशी सोय होती. तीनदा तोलून सोयीचं वजन सांगायची मुभा त्याच्या धंद्यात असती, तर एव्हाना त्याच्या दुकानावर दोन मजले चढले असते.

शेजारी लेक बसली होती. घरात तिला ढब्बू म्हणत. नाव बापानंच ठेवलेलं, आणि त्यात लाडाचा भाग कमीच.

पहिल्या दोन खेपांना तो स्वतः तिला केंद्राच्या फाटकापर्यंत सोडायला गेला होता. वाटभर तिची अक्कल काढली आणि पेपर सुटेपर्यंत वर्गाच्या खिडकीसमोर येरझाऱ्या घातल्या. पालथ्या घड्यावर पाणी. तिसऱ्या खेपेला त्यानं घडाच बदलला. शिकवणीच्या टीचर ढब्बूपेक्षा चार-पाच वर्षांनीच मोठ्या. त्यानं त्यांचा फोटो आणि लेकीचं नाव असलेलं ओळखपत्र करून घेतलं आणि त्यांच्या हातात ठेवलं. "तुम्हीच बसा तिच्या जागी. तिच्यानं काही व्हायचं नाही."

टीचर कार्डाकडे बघत राहिल्या. "बघते," एवढंच म्हणाल्या.

परीक्षेच्या दिवशी ढब्बूला मावशीकडे धाडलं आणि तो दुकानात बसून राहिला. न जाणो, फाटकात कुणी ओळखायचं.

"सातशे ऐंशीला टेकडीवरचं कॉलेज," सल्लागार सांगत होता. "चारशे चाळीसला बसस्टँडमागचं. तिथं शिकवणारेसुद्धा दुसरीकडे जागा मिळेपर्यंतच थांबतात."

"मग तिसरंच पाठवा," दुकानदार ऐटीत म्हणाला.

"फक्त एक आहे. टेकडीवाले आधीच्या खेपांचे गुणही मागवून बघतात, आणि एवढी उडी दिसली की मुलांना बोलावून घेतात. समोर बसवून छोटासा पेपर सोडवून घेतात. गडबड वाटली तर थेट पोलीस. अर्थात ज्यानं स्वतः पेपर दिलाय त्याला कसली भीती?"

चोराच्या मनात चांदणं. दुकानदारानं कॉलर सैल केली.

"देईन की मी," ढब्बू म्हणाली.

त्यानं चमकून तिच्याकडे पाहिलं.

"बाबा, तिसरा पेपर मी दिलाय. मी स्वतः." तिची नजर सरळ होती.

वा, त्याला वाटलं. अभ्यासाच्या नावानं बोंब, पण खोटं कसं धुतल्या तांदळासारखं बोलते. गुण बापाचाच. तो हसला आणि तिच्या कानाशी झुकला. "पुरे. ह्यांच्यापुढे खपेल. तिथं पेपर पुढ्यात ठेवला म्हणजे काय करशील?"

"सोडवीन."

"डोंबल सोडवशील."

तो सल्लागाराकडे वळला. "दुसरं पाठवा."

सल्लागारानं चष्मा काढला. "अहो, लोक पडके गुण झाकतात. तुम्ही चढे झाकताय?"

"एखाद्या दिवशी काटा अडकतो आणि वजन जास्त दाखवतो. शहाण्यानं त्यावर सौदा करू नये."

"आज शेवटचा दिवस आहे. मागाहून बदलता येणार नाही."

"कोणाला बदलायचंय? नाकापेक्षा मोती जड नको."

सल्लागारानं खांदे उडवले आणि संगणकाची कळ दाबली. "गेले," तो म्हणाला. ढब्बूनं पडद्याकडे एकदा पाहिलं, उठली आणि बापाच्या स्कूटरकडे न बघता चालत घरी निघाली. नसलेल्या अकलेचा केवढा तोरा, त्याच्या मनात आलं.

संध्याकाळी टीचर दुकानात आल्या. गिऱ्हाईक नाही हे पाहून तो हलक्या आवाजात म्हणाला, "काम चोख केलंत हो. आमच्या ठोंब्याला सात जन्मांत जमलं नसतं."

टीचरनी पर्समधून ओळखपत्र काढलं आणि समोरच्या काट्याच्या पारड्यात ठेवलं. छापणाऱ्यानं वर चिकटवलेला पातळ प्लास्टिकचा पापुद्रा तसाच होता.

"हे परत द्यायचं राहिलं होतं. मी गेलेच नाही. कार्ड तिलाच दाखवलं, तर म्हणाली, मीच जाते, फक्त बाबा फाटकात नकोत. मावशीकडून परस्पर केंद्रावर गेली." टीचर हसल्या. "मी तेव्हाच तुम्हाला सांगणार होते, पण तिनं शपथ घातली. म्हणाली, गुण पाठवायच्या दिवशी बाबांना मी स्वतः सांगेन. सांगितलं ना तिनं?"