मुठीवरचा हात

नर्सबाईंच्या मोटरसायकलची मूठ जरा पिळायचा अवकाश, गाडी उसळायची. नवरा म्हणाला, "दोनदा पडलीस. विकून टाक."

"गाडीला घाबरून घरी बसणारी मी नव्हे," असं सुनावून तिनं दुसऱ्या कंपनीची, लहान चक्रीची, वेग हळूहळू वाढवणारी मूठ मागवली आणि सुटीच्या दुपारी अंगणात स्वतःच बसवली. गल्लीतून एक फेरी मारली. गाडी शहाण्यासारखी चालली.

परत येऊन तिनं इंजिन बंद केलं, किल्ली काढली. मूठ सावकाश पिळली गेली. आपोआप.

केबल अडकली असेल, म्हणून तिनं केबलच सोडवली. मूठ पुन्हा फिरली. रबरावर चार बोटांचे खळगे उमटले.

"आत ये!" दारातून नवरा ओरडला. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"का म्हणून?" तिनं त्या खळग्यांवरच आपला पंजा दाबला. रबर कोमट होतं. "हात काढ. गाडी मी चालवते."

एकेक खळगा बुजला.

तिनं केबल जोडली, टांग टाकली आणि किल्ली फिरवली.

"यायचंच असेल, तर मागे बस."

मागची सीट हळूच दबली.